कवितेतला सूर्य आणि दासगावचा पोरगा

गेल्या २० मार्चला महाडात आम्ही पोरापोरांनी कवितावाचन ठेवलं होतं. तळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून जवळच्याच एका पडवीत बसलो. एकोणीस जण वाचून गेले. मला काय सुचलं कोण जाणे, मी वहीच्या मागच्या पानावर काड्या मारत बसलो. एकोणीस कवितांत सूर्य एकतीस वेळा उगवला. त्यातले चार माझे. मावळला एकदाही नाही.

वाचन संपल्यावर मागं बसलेली एक म्हातारी काठी टेकत पुढं आली. म्हणाली, "बाला, ब्येस बोललास. पन आमच्या गावातनं त्या दिवशी कोन कोन आल्ता, त्ये नाय आलं तुज्या कवनात." मी म्हटलं, "आते, ते कवितेत बसत नाही." ती म्हणाली, "मंग कशात बसतं?"

मला उत्तर आलं नाही. त्याच प्रश्नापायी हा लेख लिहितोय. मित्रहो, ही टीका आहे आणि तिचा पहिला रट्टा माझ्याच पाठीवर आहे, म्हणून कुणी रागावू नये. रागावलं तरी हरकत नाही.

प्रस्थापितांचा समीक्षक प्रतिमा घेतो, उजेडात धरतो, रत्नासारखी फिरवून बघतो आणि सुंदर आहे की नाही ते सांगतो. आपलं तसं नाही. आपण प्रतिमेला विचारलं पाहिजे, बाई, तू माझ्या माणसाकडून काय करून घेतेस? त्याला उभं करतेस की बसवतेस?

सूर्य ही प्रतिमा पहिल्यांदा आपल्या कवितेत आली तेव्हा तिने उभंच केलं. ज्याच्या सावलीचा विटाळ मानला त्याच्या घरातला माणूस थेट सूर्य म्हणायचा, याला छाती लागते. ती छाती आपल्या आधीच्यांनी दाखवली. त्यांचं ऋण आहेच. पण तीच प्रतिमा पन्नास-साठ वर्षं घासत राहिलो की काय होतं? सूर्य आपोआप उगवतो. त्याला कुणी आणावं लागत नाही, कुणी चिठ्ठी पाठवावी लागत नाही, कुणी वर्गणी काढावी लागत नाही. सूर्य उगवायच्या आधी काय असतं? अंधार. म्हणजे बाबासाहेबांच्या आधी आपल्यात कुणी काही केलंच नाही, असं आपणच आपल्या तोंडाने सांगतो. आणि सूर्य असेपर्यंत आपण काय करायचं? ऊन खायचं. सूर्य नसला की? दुसरा उगवायची वाट बघायची. सूर्यासारखं व्हायचं असं कुणा शहाण्याच्या मनात येत नाही, कारण ते शक्यच नसतं. अशी ही गंमत आहे. आपण आदर म्हणून जे लिहिलं तेच आपल्या मेंदूत कुंपण होऊन बसलं.

मला हे कुंपण पुस्तकात दिसलं नाही. गिरणीत दिसलं.

मी कागदाच्या गिरणीत ठेकेदाराच्या हजेरीवर आहे. मुंबईहून रद्दीचे गठ्ठे येतात, ते फोडायचे, लोखंडी तार-प्लास्टिक वेगळं करायचं, पल्परमध्ये ढकलायचं. शाळा दहावीला सुटली, पुढचं शिक्षण ह्या रद्दीतच झालं. दोन वर्षांमागं रात्रपाळीत आमच्यातल्या एकाचा हात रोलात गेला. वयाने माझ्याहून मोठा, पण मला नावाने हाक मारायचा. तीन बोटं गेली. दुसऱ्या दिवशी त्याची बायको माझ्याकडे आली. "भावजी, तुमी लिवता ना, मंग ह्याचं कायतरी लिवून द्या." मी म्हटलं, "वयनी, हे असं आपण लिहून चालत नाही. मोठा माणूस पाहिजे. मुंबईचे साहेब येतायत, त्यांच्या हातून अर्ज जाऊ दे." ते साहेब आठ दिवसांनी यायचे होते. यायचे होते, आले नाहीत. त्या आठ दिवसांत ठेकेदाराचा माणूस दवाखान्यात जाऊन त्याच्या शाबूत हाताचा अंगठा एका कागदावर घेऊन आला. चूक माझीच, असं त्यात होतं.

मी त्या आठवड्यात काय करत होतो? १४ एप्रिल तोंडावर आलेली. कविता लिहीत होतो. सूर्यावर.

म्हणून म्हणतो, "मी कोण?" हा विचार नम्रपणाचा वाटतो, पण तो साला फार महाग पडतो. दुसऱ्याची बोटं घेऊन जातो.

त्यानंतर काही महिन्यांनी २५ डिसेंबरला महाडात पुस्तकांच्या स्टॉलवर मला एक पुस्तक मिळालं. 'दलित व कम्युनिस्ट चळवळीचा सशक्त दुवा : कॉम्रेड आर. बी. मोरे'. २००३ साली आलेलं. नाव एवढं लांब की पोस्टरवर मावायचं नाही. पुस्तकाचा पहिला भाग मोऱ्यांनी स्वतः लिहिलेली हकीकत आहे. ती त्यांच्या हातून पुरी झाली नाही. पुढचा भाग मुलाने, सत्येंद्र मोरे यांनी लिहिला. २०१९ साली वंदना सोनाळकरांनी त्याचं इंग्रजी केलं आणि आता बाहेरदेशी अभ्यासक त्यावर बोलतात. आमच्या वस्तीत मात्र दहापैकी नऊ पोरांना मोरे कोण ते माहीत नाही. दासगाव एसटीने अर्ध्या तासाच्या आत आहे, तरी.

रामचंद्र बाबाजी मोरे, जन्म १९०३. गाव दासगाव. सावित्रीच्या काठी, खाडीचं बंदर. मुंबईची बोट बाणकोटच्या तोंडातून आत यायची ती इथवर. महाड इथून पाच मैल. ह्या पट्ट्यात लष्करातून पेन्शन घेऊन आलेले महार बरेच होते. लिहिता-वाचता येणारे, दुनिया बघितलेले. रावढळचे गोपाळबाबा वलंगकर त्यातलेच. १८८८ च्या सुमारास त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहून शंकराचार्यांपासून सगळ्यांना जाब विचारला. तेव्हा बाबासाहेबांचा जन्मही झालेला नव्हता. आपल्या कवितेतला तो "अंधार" हाच काय? त्यात वलंगकर बसलेत, शिवराम जानबा कांबळे बसलेत, किसन फागुजी बनसोडे बसलेत. आपण दिवा त्यांच्याकडून घेतला आणि त्यांनाच अंधारात ढकललं.

मोऱ्यांच्या पुस्तकातला मला खिळवून ठेवणारा भाग शाळेचा आहे. पोरगं हुशार, शिष्यवृत्तीच्या परीक्षेत पास झालेलं. महाडच्या इंग्रजी शाळेने प्रवेश नाकारला. आता आपल्या साहित्यात इथे काय होतं? पोरगं रडतं, बाप आभाळाकडे बघतो, लेखक आपल्याला सांगतो की काळीज फाटलं. इथे ते अकरा-बारा वर्षांचं पोरगं बसून तक्रार लिहितं आणि वर्तमानपत्रात छापून आणतं. शाळेला दार उघडावं लागतं. पण बसायला मिळतं वर्गाच्या बाहेर.

हे वाचून मी पुस्तक मिटलं. अकरा-बारा वर्षांचं पोरगं. मी सत्तावीस वर्षांचा. त्याला कुणी सांगितलं होतं की तू लिहू शकतोस? कुणीच नाही. त्याच्यापुढे सूर्य नव्हता, हेच त्याचं नशीब असावं की काय, असा वाईट विचारसुद्धा मनात आला. मग कळलं, सूर्य असण्या-नसण्याचा प्रश्न नाही. त्याच्या आजूबाजूला पेन्शनर लोक अर्ज लिहीत होते, सरकारदरबारी कागद पाठवत होते. अर्ज करणं ही त्याच्या डोळ्यासमोरची गोष्ट होती. माणूस जे रोज बघतो तेवढंच त्याला शक्य वाटतं. आपण रोज काय बघतो? स्टेजवर हार घातलेला एक माणूस आणि खाली चटईवर बसलेले आपण.

मोरे पुढं मुंबई-पुण्याकडे पडेल ते काम करत फिरले. शिक्षण तुटलं. पण लोकांचे कागद लिहिणं, माणसं जोडणं सुटलं नाही. १९२३ साली सीताराम केशव बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात पास झाला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. ठराव कागदावर, पाणी तळ्यात. मध्ये कुणीतरी लागतो. मोरे आणि त्यांचे साथी बाबासाहेबांकडे गेले, महाडला परिषद घेऊ, तुम्ही या. परिषद झाली १९२७ च्या मार्चमध्ये. मधली तीन-साडेतीन वर्षं कशात गेली? गावं हिंडण्यात, लोकांना पटवण्यात, पुन्हा विचारण्यात. कवितेत ही वर्षं नसतात. कवितेत बाबासाहेब ओंजळ भरतात आणि इतिहास बदलतो. मधला तो पायपिटीचा काळ, तीच तर चळवळ!

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. मी बाबासाहेबांना कमी करत नाही. उलटं आहे. १९ आणि २० मार्चला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली तेव्हा ते छत्तीसच्या आत होते. त्यानंतर पंधरा दिवसांत, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत' निघालं. महाडने त्यांना जे दिलं तेही बघा. कोकणातल्या फाटक्या माणसांनी आपला पुढारी ओळखला, बोलावला, त्याच्यामागे उभे राहिले, मार खाल्ला, आणि त्या उभं राहण्यातून पुढारीही मोठा झाला. ही देवघेव आहे. सूर्याशी देवघेव होत नाही.

आणि भक्तीचं म्हणाल तर खुद्द बाबासाहेबच आपल्याला अडवून गेलेत. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनी बजावलं की धर्मात भक्ती चालेल, राजकारणात भक्ती म्हणजे अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा रस्ता. त्याआधी १९४३ ला पुण्यात रानड्यांवर बोलताना विभूतिपूजेवर त्यांनी आसूड ओढला होता. आपण ती भाषणं फोटोफ्रेमच्या मागं ठेवली.

आता तळ्याच्या दिवसांचा हिशेब बघा. परिषदेला पाणी लागणार. महाडात अस्पृश्यांना पाणी नाही. तेव्हा स्पृश्यांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घेतलं. १९२७ चे चाळीस रुपये! पाण्याच्या हक्कासाठी भरलेल्या सभेला प्यायला विकतचं पाणी. मला ह्या एका आकड्यात जेवढी आग दिसते तेवढी माझ्या चार सूर्यांत मिळून नाही. हा आकडा कुणी कवितेत घेतलाय? घेतला असेल तर मला दाखवा, मी त्याच्या घरी चालत जाईन. कुणीतरी ते चाळीस रुपये जमवले. कुणीतरी मोजले. ज्याने मोजले तो पुढारी नव्हता काय?

तळ्यावर पाणी प्याले, मग गावात अफवा उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. मंडपात परत आलेल्या, जेवत असलेल्या, गावाकडे निघालेल्या माणसांना काठ्यांनी झोडपलं. नंतर १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळं "शुद्ध" केलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागं घेतला. हे सगळं तुम्हाला पाठ आहे. पण डिसेंबरचं बघा. दुसऱ्या परिषदेला जागा कुणी देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान माणसाने जमीन दिली. बाबासाहेब आणि बरोबरचे लोक मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले, २५ डिसेंबरला दासगावला उतरले. बंदरावर हजारो लोक उभे होते. तिथून पाच मैल पायी महाडला. त्या रात्री मनुस्मृती जळाली, ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जातीने ब्राह्मण. तळ्यावर मात्र जायचं नाही असं ठरलं, कारण कोर्टाचा मनाईहुकूम आला होता. आलेली माणसं चिडलेली, तयार. त्यांना थांबवणं हेसुद्धा पुढारीपण. कोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ चा मार्च उजाडला. दहा वर्षं. आपण दहा दिवस थांबत नाही आणि आठ दिवस थांबू नये तिथे थांबतो. हे माझं मला सांगतोय.

'नेतृत्व विकास' म्हणून आता शिबिरं होतात. मीही एका शिबिराला जाऊन आलोय. चहा चांगला होता. तिथे सांगतात, आत्मविश्वास वाढवा, आरशात बघून बोला, नकारात्मक विचार काढून टाका. म्हणजे दोष माझ्या डोक्यात आहे आणि तो डोक्यातच दुरुस्त करायचा. अरे, डोक्यात तो घातला कुणी? हजारो वर्षं ज्याला पाणवठ्यावर येऊ दिलं नाही, त्याच्या मनात "हे आपलं काम नव्हे" हे आपोआप उगवलं काय? तो विचार बाहेरून आत आला आहे. तो जाईल तर बाहेर काहीतरी केल्यानेच जाईल. तळ्यावरचं पाणी गोड होतं म्हणून लोक प्याले नाहीत. पण तोंडाला लागल्यावर जे मनातून गेलं ते कुठल्या आरशाने गेलं नसतं. आणि मोऱ्यांच्या पुस्तकात आत्मविश्वास हा शब्द मला भेटल्याचं आठवत नाही. कामं भेटतात.

दुसरं कुंपण जातीचं. हे जास्त उंच आहे, आणि आपण त्याला तारा लावून आणखी उंच केलंय. पुढारी म्हणजे आपल्या जातीचा, आपल्या लोकांपुरता. आपल्या जिल्ह्याचा इतिहास वेगळं सांगतो. अलिबाग तालुक्यातलं चरी. १९३३ ला तिथल्या कुळांनी खोत-सावकारांच्या जमिनी कसायला नकार दिला. पुढारी नारायण नागू पाटील, लोक बहुतेक आगरी. संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं नांगर धरला नाही! बाबासाहेब १९३४ मध्ये तिथे गेले, शेतकऱ्यांच्या सभेत बोलले. १९३६ ला स्वतंत्र मजूर पक्ष काढला, आणि १९३७ च्या सप्टेंबरात खोती नष्ट करण्याचं बिल मुंबईच्या असेंब्लीत मांडलं. जानेवारी १९३८ ला कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. त्यात महार होते, आगरी होते, कुणबी होते. खारेपाटाची माणसं आणि तळकोकणची माणसं एका मोर्चात! बाबासाहेबांवरच्या आपल्या किती कवितांत चरीचं नाव आहे? आगऱ्याच्या पोराला विचारलं तर तो म्हणेल, आंबेडकर तुमचे. आणि आपल्या पोराला विचारलं तर तो मान डोलावून म्हणेल, हो, आमचे. दोघांनी मिळून त्यांना लहान केलं.

मोरे ह्या कुंपणावरून दोनदा उडी मारून गेले आणि दोन्ही वेळा खरचटले. १९३० च्या सुमारास ते कम्युनिस्ट पक्षात गेले. आपल्यातल्या काहींना ते अजून पटत नाही. मलाही पहिल्यांदा वाचताना टोचलं. ज्याने बाबासाहेबांना महाडला आणलं तोच सोडून गेला? पण सोडून गेला म्हणावं तर बाबासाहेबांबद्दलचा जिव्हाळा सुटला नाही. आणि तिकडे पक्षात गेल्यावर गप्प बसला म्हणावं तर तेही नाही. जातीचा प्रश्न नंतर बघू, आधी वर्ग, असं म्हणणाऱ्या स्वतःच्याच पुढाऱ्यांना ते लेखी सांगत राहिले की अस्पृश्यता हा आत्ताचा प्रश्न आहे. १९६५ ला 'जीवनमार्ग' सुरू केलं. १९७२ ला गेले, त्याच साली मुंबईत पँथर उभी राहिली. दोघांची गाठ पडली असती तर काय झालं असतं, असं रात्रपाळीत मनात येतं.

मी गिरणीतला असल्याने मला त्यांचं गिरणीचं राजकारण जास्त कळतं. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणाई खातं अस्पृश्यांना बंद होतं. पगार तिथे जास्त. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागायचा, थुंकी लागायची, आणि महाराची उष्टी थुंकी मराठ्याला कशी चालणार? म्हणजे साच्यावर इंग्रजी यंत्र आणि धाग्यावर मनू. १९२८ चा मोठा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी नेमकं ह्यावर बोट ठेवलं. एकजूट म्हणता, मग विणाईचं दार उघडा. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना ते ऐकताना जड गेलं. पण १९३८ च्या ७ नोव्हेंबरला कामगारांच्या संपाच्या हक्कावर घाला घालणाऱ्या बिलाविरुद्ध मुंबईत संप झाला तेव्हा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एका बाजूला उभे होते. १९२८ चं भांडण १९३८ च्या एकजुटीच्या आड आलं नाही. भांडलेत म्हणूनच एकत्र आले, असं मला वाटतं. आपल्याकडे भांडण झालं की दुसऱ्या दिवशी नव्या संघटनेचा फलक रंगवायला जातो. गटांची नावं पाठ करायला आता वेगळी वही लागते.

पुस्तकाची स्तुती पुष्कळ झाली, आता दोष. मोऱ्यांचं लेखन सपाट आहे. प्रसंग ऐन रंगात आला की ते पुढच्या गावी जातात. स्वतःच्या मनात काय चाललं होतं ते फार कमी सांगतात. बाबासाहेबांच्या चळवळीतून लाल बावट्याकडे जाताना एक रात्र तरी झोप लागली नसेल. ती रात्र मला पाहिजे होती. 'बलुतं' १९७८ ला आलं, त्यात दया पवारांनी स्वतःला सोललं. ती सोलण्याची हिंमत मोऱ्यांच्या लिहिण्यात नाही, कदाचित त्यांना ती वेळेची उधळपट्टी वाटली असेल. कार्यकर्ता स्वतःबद्दल लिहायला लाजतो आणि कवी स्वतःशिवाय कशाबद्दल लिहीत नाही. दोघांच्या मधलं काहीतरी अजून आपल्या भाषेत यायचं आहे.

मुलाने लिहिलेल्या भागात मुलगा आणि कार्यकर्ता अशी ओढाताण आहे, ती मला आवडली. पण तिथेही काही पानं अहवालासारखी होतात. सभा, ठराव, नावं, पुन्हा सभा.

सगळ्यात मोठी उणीव, सभेच्या पानांवर बायका मला फारच कमी भेटल्या. डिसेंबर १९२७ ला महाडात बायका आलेल्या होत्या. बाबासाहेबांनी त्यांच्यासाठी वेगळं भाषण केलं, लुगडं कसं नेसायचं, कथलाचे दागिने टाका, पोरींना शिकवा. दुसऱ्या दिवशी त्या वेगळ्या तऱ्हेने लुगडी नेसून आल्या. एका रात्रीत! पुरुषांचे ठराव कोर्टात दहा वर्षं पडले आणि बायकांनी आपला ठराव सकाळपर्यंत अमलात आणला. ह्या बायकांचा शोध घ्यायला १९८९ उजाडलं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' हे मोऱ्यांच्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचावं, एकट्याने एकही पुरं होत नाही. आमच्या मंडळाच्या बैठकीत मी मागं हे बोललो तर एक जण म्हणाला, बायकांना रात्री बैठकीला कसं बोलावणार? बैठक रात्रीच का ठेवायची, असं कुणी विचारलं नाही. मीही नाही.

म्हातारीच्या प्रश्नाकडे परत येतो. "मंग कशात बसतं?" मोऱ्यांच्या पुस्तकात बसतं, हे एक उत्तर. तिथे गावांची नावं आहेत, माणसांची नावं आहेत, कोण कुठून आला, कुणाच्या घरी उतरला. साहित्याच्या पंडिताला हा कच्चा माल वाटेल. मला वाटतं आपली खरी शैली इथे आहे. आपल्याला विशेषणं फार झाली. महामानव, युगप्रवर्तक, प्रज्ञासूर्य. विशेषण लावलं की माणूस फ्रेममध्ये जातो. क्रियापदं लिहा. गेला, बोलावलं, जमवले, मोजले, थांबवलं, नेसल्या. क्रियापद आपल्यालाही करता येतं.

बोटं गेलेल्या आमच्या माणसाचं पुढं काय झालं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर हे सगळं लिखाण थापा. पुस्तक वाचल्यानंतर मी त्याच्या घरी गेलो. जायला लाज वाटत होती. तो म्हणाला, "आता कशाला आलास?" बायकोने चहा दिला. मी वहीत लिहायला सुरुवात केली. किती वाजता, कुठल्या मशीनवर, जाळी होती की काढलेली, शेजारी कोण होतं, हजेरीपटावर नाव होतं की नव्हतं. शेजारी जो होता तो बोलायला तयार नव्हता. तिसऱ्या खेपेला बोलला. मग आणखी दोघे बोलले, त्यांचे स्वतःचे जुने अपघात निघाले. आता वहीत अकरा माणसांचे तपशील आहेत. अर्ज मीच लिहिला. शुद्धलेखन एका मास्तरणीकडून तपासून घेतलं, तिने सतरा चुका काढल्या, एकही वाक्य बदललं नाही. अर्ज गेलाय. पोच मिळालीय. पुढची तारीख लागायची आहे. मला अजून मुकादमापुढं बोलताना घाम येतो आणि दोन आठवडे मला रद्दीच्या सर्वांत ओल्या ढिगावर टाकलं होतं.

मुंबईचे साहेब मध्ये एकदा आले. वही चाळून म्हणाले, छान, ही माझ्याकडे द्या. मी झेरॉक्स दिली.

पुढच्या २० मार्चला पुन्हा कवितावाचन आहे. ह्या खेपेला आम्ही ठरवलंय, ज्याला वाचायचं त्याने आपल्या गावातून १९२७ ला कोण गेलं होतं ते आधी विचारून यायचं. आजी, आजोबा, जुनी वही, पेन्शनचं पुस्तक, जे सापडेल ते. नाव सापडलं नाही तर सापडलं नाही असं वाचायचं. त्या म्हातारीचं गाव मी विचारून ठेवलं नव्हतं, ही माझी आणखी एक चूक. काठी होती, डाव्या डोळ्यात फूल पडलेलं होतं, सव येथल्या कुणाबरोबर तरी आली होती असं एक जण म्हणतो. कुणाला ओळख लागली तर कळवा.

मोऱ्यांच्या पुस्तकाची एक प्रत माझ्याकडे आहे, शिवण सुटलेली, मधली पानं दोऱ्याने बांधलेली. मागेल त्याला देतो. पंधरा दिवसांत परत पाहिजे, रात्रपाळीतल्या दोघांचा नंबर आधीच लागलेला आहे.